शेवटची लोकल, पहिली लोकल

या प्रवासाला सामान लागत नाही. फोन मात्र इथेच ठेव. जिथे निघाली आहेस तिथे मोबाइल आलेत, पण ते बिल्डरांच्या नि शेअर दलालांच्या हातात. येणाऱ्या कॉललाही पैसे पडतात. वय एकोणीस करून घे. गुडघे बरे होतील, केस दाट होतील आणि रात्री घराबाहेर राहायचं म्हटलं की पोटात गोळा येईल. तोही बरोबर घे, त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

डिसेंबर 1996, शनिवार. डोंबिवली पूर्व, दुसरा मजला, दोन खोल्या आणि गॅलरी. तू मुलुंडच्या कॉलेजात एस.वाय.बी.कॉम.ला आहेस. आज पवईला, आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात, रात्रीचा कॉन्सर्ट आहे. तुझ्यासाठी पास निघाला आहे.

दुपारी साडेतीन

आरसा गोदरेजच्या कपाटाच्या दारावर आहे. हे कपाट विक्रोळीच्या कारखान्यात बनलंय, म्हणजे आज तू जिथे उतरणार त्याच्या पुढच्याच स्टेशनावर. पाय दिसायचे तर मागे सरकावं लागतं आणि मागे सरकलं की पलंग लागतो. त्यामुळे वरचा अर्धा भाग आधी, खालचा नंतर, असं दोन हप्त्यांत स्वतःला पाहून घ्यायचं.

पलंगावर जे मांडलंय त्यातलं तुझं फारसं काही नाही. जीन्स आतेबहिणीची. कंबरेला सैल होते म्हणून भावाचा पट्टा, त्याला खिळा तापवून जास्तीचं एक भोक पाडलंय. पांढरा शर्टही भावाचाच. बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या की तो मुलाचा वाटत नाही. वरून घालायचं कच्छी आरसेकामाचं जाकीट मुलुंडच्या मैत्रिणीने फॅशन स्ट्रीटवर तासभर घासाघीस करून मिळवलेलं आहे. आजची रात्र ते तुझं, त्या बदल्यात तुझी निळी ओढणी दोन आठवडे तिची. व्यवहार चोख आहे.

आई दारात येऊन म्हणते, ‘‘दिवाळीला घातलेला ड्रेस काय वाईट आहे?’’

वाईट काहीच नाही. पण दिवाळीच्या पहाटे तो घालून तू फडके रोडला गेली होतीस. त्या सकाळी गणपती मंदिरापासून रस्ताभर गावातली सगळी तरुण पोरं नटून उभी असतात, एकमेकांना पाहायला आणि दिसायला. तो ड्रेस अख्ख्या डोंबिवलीने पाहिलाय. आज जिथे जायचंय तिथे तुला कुणी ओळखत नाही, आणि तयारी त्याच गोष्टीची आहे. ओळखीच्यांपुढे नटायचं तर जे आहोत तेच जरा बरं करून दाखवतो. अनोळखी लोकांत कोण म्हणून जायचं, ते ठरवता येतं.

केसांना तेल लावलं नाही म्हणून आजी सकाळपासून धुसफुसते आहे. चपलांचा प्रश्न कालच फोनवर निकालात निघाला. तुला कोल्हापुरी हव्या होत्या. ठाण्याचा मित्र अशा ठिकाणी मुरलेला. त्याने सांगितलं, गर्दीत अंगठा तुडवला गेला की गाणं राहील बाजूला, बूट घाल. म्हणून कॅनव्हासचे पांढरे बूट, खडूने घासून उजळवलेले. काजळ घरीच घालायचं. लिपस्टिक रुमालात गुंडाळून पर्सच्या तळाशी. ती गाडीत लागेल, बाबांचं स्टेशन मागे पडल्यावर.

बाबा पेपर खाली न घेता विचारतात, ‘‘शेवटची लोकल?’’

‘‘शेवटची नाही धरणार, बाबा. रात्री मुलुंडला मैत्रिणीकडेच झोपणार आहोत आम्ही. सकाळी येते.’’

हे वाक्य तू दोन दिवस घोकलंयस. मुलुंडची मैत्रीण या घडीला तिच्या घरी सांगते आहे की आम्ही रात्री हॉस्टेलच्या ओळखीच्या मुलींच्या खोलीवर राहू. कळव्याच्या मैत्रिणीने मुलुंडचं नाव सांगितलंय. तीन घरांना दोन पत्ते दिलेत आणि दोन्ही पत्त्यांवर आज रात्री कुणी असणार नाही.

बाबा ‘‘बरं’’ म्हणतात. आई काही बोलत नाही. निघताना ती तुझ्या पिशवीत चॉकलेटी स्वेटर कोंबते. आरसेकामाच्या जाकिटावर चॉकलेटी स्वेटर! तू तोंड वाकडं करतेस. ‘‘असू दे,’’ ती म्हणते, ‘‘पहाटे गार होतं.’’ वर रुमालात बांधलेल्या काही नोटा, आणि एवढंच बजावणं की सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवू नकोस.

संध्याकाळी सव्वापाच

मोबाइल नसलेली माणसं चार स्टेशनांवरून एकमेकांना कशी गाठतात? डबा ठरवून. सव्वापाचच्या सुमाराची स्लो, मागून तिसरा डबा, जनरल. आज लेडीज नाही, कारण बरोबर एक मुलगा आहे. जो चुकला त्याने कांजूरमार्गला तिकीट खिडकीपाशी थांबायचं, आणि अर्ध्या तासाने बाकीच्यांनी त्याला सोडून निघायचं. एवढा कायदा पुरतो.

तुझा तीन महिन्यांचा सवलतीचा पास डोंबिवली ते मुलुंड चालतो. मुलुंडच्या पुढचं तिकीट वेगळं काढायचं. काउंटरवर पुठ्ठ्याचं छोटंसं तिकीट मिळतं, त्यावर तारखेचा दाबलेला ठसा. परतीचं काढायचं नाही. परत येशील तेव्हा तारीख बदललेली असेल. खिडकीशी हे मनात आलं आणि पोटातला गोळा एकदा जोरात फिरला.

मुंब्र्याच्या डोंगराखालून गाडी जाते. कळव्याला तिथली मैत्रीण चढते. तिला कळवेवालीच म्हणू. गाडीतल्या दोस्तीत आडनावाआधी स्टेशन येतं. कानात ऑक्सिडाइझ्डचे लोंबते डूल, एक जोड तुझ्यासाठी मुठीत. ‘‘लिपस्टिक कुठाय?’’ हा तिचा नमस्कार. हलत्या गाडीत लिपस्टिक लावायची तर खाडीचा पूल यायच्या आधी, रूळ सरळ असतात तेव्हा. पुलावर डबा थडथडतो.

ठाण्याला ठाणेकर. काळा टी-शर्ट, त्यावर इंडिपेन्डन्स रॉकचं नाव. धोबीतलावच्या रंगभवनात 1986 पासून भरणारा तो मेळा. तिथे जाऊन आलेला माणूस आपल्या गटात आहे याचा आपल्याला अभिमान, आणि हे त्याला पक्कं माहीत. जीन्स मात्र शिंप्याची. गेल्या वर्षी अरविंद मिल्सने ‘रफ अँड टफ’ काढली: डेनिमचं कापड, चेन, बटण, रिव्हेट आणि मागे लावायचा शिक्का, सगळं एका पाकिटात, 195 रुपयांना. शिवून घ्यायची गल्लीतल्या टेलरकडे. ठाणेकराच्या टेलरने आयुष्यभर टेरिकॉटच्या पँटी शिवल्या, म्हणून या जीन्सला पुढे प्लीट्स आहेत. त्याबद्दल कुणी बोलायचं नाही असं ठरलंय. कळवेवाली बोलते.

मुलुंडला चौथी. पास तिच्याकडे. चार पिवळे पुठ्ठे ती पत्त्यांसारखे पसरून दाखवते आणि तिचा भाव तिथल्या तिथे वाढतो. ते आले कसे, ही वेगळीच लढाई होती. पास कॉलेजच्या चमूला मिळतात, चमूचा म्होरक्या म्हणजे सीएल, आणि सीएल देतो स्पर्धेत उतरणाऱ्यांना. म्हणून आपण अंताक्षरीत नावं दिली. तीन दिवसांपूर्वी पहिल्याच फेरीत बाद झालो. कळवेवाली ‘ठ’वर अडली. पण चमूच्या यादीत नाव लागलं ते लागलंच.

डब्यात चर्चा अजून मायकल जॅक्सनची. 1 नोव्हेंबरला तो अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला. आपल्यापैकी कुणी पाहिला नाही. तिकिटं आपल्या घरच्या महिन्याच्या हिशेबात बसणारी नव्हती. ठाणेकर म्हणतो, त्यात काय, टेपवर नाचला असेल. ज्याला जाता आलं नाही त्याने असंच म्हणायचं असतं. आजचा कॉन्सर्ट आपल्या ऐपतीतला आहे, म्हणजे फुकट आहे, आणि तो कुणा पाहुण्या बादशहाचा नाही. स्टेजवर आपल्याहून चारसहा वर्षांनी मोठी पोरं असणार.

संध्याकाळी साडेसात

कांजूरला उतरून एका रिक्षात चौघं. ठाणेकर ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बाहेर. गांधीनगरवरून पवईकडे वळलं की एका बाजूला हिरानंदानीचे खांबवाले मनोरे दिसतात, काही उजळलेले, काही अजून बांबूंच्या परांचीत. पलीकडे तळं. इंग्रजांनी 1891 मध्ये शहराला पाणी पाजायला बांधलं आणि आता ते पाणी कुणी पीत नाही. काचा नसलेल्या रिक्षात तळ्यावरचा वारा थेट आत येतो. जाकिटाचे आरसे गार पडतात.

मेन गेटवर ओळखपत्र, पास, पिशवीची झडती. स्वेटर बाहेर काढून दाखवावा लागतो, चारशे लोकांसमोर.

आत शहर संपतं. दोन्ही बाजूंनी झाडं, लांबच लांब रस्ता, मधेच बसलेल्या गाई. ठाणेकर सांगतो, मागे नॅशनल पार्क आहे, बिबटे येतात. तो आपल्याला घाबरवायला सांगतोय, पण गोष्ट खरी आहे. या आवारात वर्षभर मुलगे पैशाला पासरी आणि मुली हाताच्या बोटांवर. एका हॉस्टेलात मावतात. हे चार दिवस हिशेब उलटतो. चर्चगेटच्या मुली, पुण्याच्या मुली, दिल्लीच्या मुली. कुणी आईची कांजीवरम फाडून शिवलेला स्कर्ट घातलाय, कुणी डोळ्यांवर निळं फासलंय, कुणाचे बूट घोट्याच्या वर चढलेत. तुला एकदम वाटतं, आपला शर्ट म्हणजे भावाचा शर्टच दिसतोय.

तेवढ्यात एक अनोळखी मुलगी थांबून विचारते, ‘‘जाकीट कुठून घेतलंस गं?’’

‘‘फॅशन स्ट्रीट,’’ तू म्हणतेस, एका क्षणाचाही विलंब न लावता, जणू घासाघीस तूच केलीस. मुलुंडकरीण शेजारी उभी आहे. ती तुला चिमटा काढते, पण बोलत नाही. मैत्री म्हणतात ती एवढ्याचसाठी.

मूड इंडिगो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निघाला. नाव ड्यूक एलिंग्टनच्या 1930 सालच्या जॅझ रचनेवरून. आज इथे जॅझ कुणी ऐकत नाही. रात्र रॉकची आहे. ओपन एअर थिएटर, सगळे त्याला ओएटी म्हणतात, अर्धगोलात उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचं आहे. वर छप्पर नाही. दारापाशी रांग वगैरे शब्द निरर्थक होतात. कुणीतरी मागून रेटतं, तुझे बूट दोनदा तुडवले जातात आणि ठाणेकर वळून बघतो: सांगितलं होतं ना.

तो आपल्याला पुढे जाऊ देत नाही. पायऱ्यांच्या मध्यावर एका मचाणावर मिक्सर मांडलाय, बटणांची लांबलचक फळी आणि मागे हेडफोन लावलेला घामेजलेला माणूस. ‘‘याच्या मागेच बसायचं,’’ ठाणेकर म्हणतो. ‘‘आवाज हा त्याच्या कानाला लागेल तसा लावतो. जे त्याला ऐकू येतं ते आपल्याला येणार. पुढे बसलात तर नुसता स्पीकर ऐकाल.’’ आयुष्यभर पुरणारा सल्ला आहे. लक्षात ठेव.

रात्री दहा

आधी कॉलेजांची पोरं वाजवून गेली. सगळ्यांची तऱ्हा एक: परदेशी बँडची गाणी जशीच्या तशी. जितकं हुबेहूब, तितक्या टाळ्या. एकाने स्वतःचं गाणं वाजवायला घेतलं तर पायऱ्यांवरून ओरडा झाला. ठाणेकर याच्यावर भाषण देतो. मुंबईत रॉक मशीन नावाचा बँड होता, 1988 मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली, 1993 मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले, तरी लोक अजून म्हणतात दुसऱ्यांचं वाजवा. भाषण चालू असताना मचाणावरचा माणूस एक बटण सरकवतो आणि माइकमधून अशी किंकाळी निघते की आठ हजार हात एकदम कानांवर जातात. माइकने स्पीकरचा आवाज उचलला, स्पीकरने माइकचा, आणि दोघं एकमेकांना चढवत सुटले. बटण खाली. शांतता. हशा.

मग मुख्य बँड. दिल्लीची पोरं. नाव मोठ्या ड्रमच्या चामड्यावर लिहिलंय. आपल्या पायरीवरून वाचता येत नाही आणि विचारायची लाज वाटते.

पहिला ठोका कानाला लागायच्या आधी बरगड्यांना लागतो. रेडिओवर, टेपरेकॉर्डरवर तू बास कधी ऐकलाच नव्हतास. त्या छोट्या स्पीकरांतून तो येतच नाही. आज कळतं की गाण्याला तळघर असतं. मागे वळून शेवटच्या पायऱ्यांकडे बघ. तिथली डोकी आपल्यापेक्षा किंचित उशिरा हलताहेत. आवाज तिथे पोचायला वेळ घेतो, आणि ठेका त्या अर्धगोलातून वर सरकताना डोळ्यांना दिसतो.

इंग्रजी शब्द अर्धे कळत नाहीत. कळवेवाली न कळलेल्या जागी ‘नाना नाना’ भरते आणि सुरात भरते. मुलुंडकरीण डोळे मिटून उभी. तू नाचत नाहीस, तुझे हात छातीवर बांधलेले, कुणी पाहील म्हणून. कोण पाहील? डोंबिवली इथून खाडीपलीकडे. तरी हात सुटत नाहीत.

मग एका गाण्याच्या मध्ये सगळे थांबतात, एकटा ड्रमवाला उरतो. तो काही वेळ हात दाखवतो, भराभर, सफाईदार. पायऱ्यांवर कौतुक आहे, हालचाल नाही. त्याला ते जाणवलं असावं. कुणीतरी खालून ओरडलं असेल, ‘‘गणपती!’’ कारण तो हसतो, काठ्या उलट्या धरतो आणि मोठ्या ड्रमवर मिरवणुकीचा ठेका सुरू करतो. विसर्जनाचा. थेट.

पुढचं सांगायला नको. पुण्याची पोरं, दादरची पोरं, परळची पोरं उठली. रुमाल दातांत धरले. केस पिंजारलेल्या, काळे टी-शर्ट घातलेल्या शे-दोनशे मेटलभक्तांनी दोन्ही हात वर करून तोच नाच धरला जो दर भाद्रपदात ट्रकमागे नाचतात. तुझे हात कधी सुटले तुला कळलं नाही. शेजारी चंदिगडचा एक मुलगा होता, त्याला तू स्टेप्स शिकवल्यास. ‘‘वन्स मोर!’’ पायऱ्या ओरडल्या. ओरड नाटकाची होती, ठेका मिरवणुकीचा, आणि वाद्यं पार सातासमुद्रापलीकडची.

एकच माणूस बसून होता. ठाणेकर. त्याच्या चेहऱ्यावर धर्म बुडाल्याची कळा.

दहा कधी वाजून गेले, कुणी घड्याळ पाहिलं नाही. पण तू दुसऱ्या काळातून आली आहेस, तुला हा आकडा टोचतो. ज्या काळातून आलीस तिथे दहाला सगळं बंद. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही, सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढंच. इस्पितळं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. त्यात धोबीतलावचं रंगभवन गेलं. पुण्यात पहाटेपर्यंत रंगणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवालाही घड्याळ लागलं. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये या नियमांवर शिक्कामोर्तब केलं.

यावर हळहळायचं असेल तर त्या खटल्याची सुरुवात कशाने झाली तेही माहीत असू दे. जानेवारी 1998 मधल्या बातम्या: 13 वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला, आणि शेजारी चाललेल्या लाउडस्पीकरच्या गाण्यांत तिच्या हाका कुणाला ऐकू गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतलं. त्या बातमीवरून याचिका झाली. आता या पायरीवर शेजारी उभ्या कळवेवालीला काही सांगून बघ. तुझे ओठ हलतात, तिला ऐकू येत नाही, ती हसून मान हलवते. तुला आज रात्री जे मिळतंय ते आणि त्या मुलीचं जे हिरावलं गेलं ते, दोन्ही एकाच आवाजातून आलेलं आहे. नियम आला ते योग्य झालं. ही रात्र संपली याचं वाईट वाटतं, तेही खोटं नाही.

रात्री पावणेबारा

बँड दम घ्यायला थांबलाय. मुलुंडकरीण मनगट पुढे करते. आत्ता निघालो तर शेवटची गाडी मिळेल, व्ही.टी.हून साडेबाराच्या आसपास सुटते, कांजूरला यायला तिला पाऊणेक तास. या वर्षी व्ही.टी.चं नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झालंय, पण जीभ अजून वळलेली नाही. निघालो तर रात्री दोनच्या आत आपापल्या घरी, दारं ठोठावत, खोटं उघडं पाडत. नाही निघालो तर चारनंतरची पहिली गाडी.

‘‘हात वर करा,’’ कळवेवाली म्हणते.

चार हात. तुझा शेवटचा.

रात्रीचे तीन

बँड दीडच्या सुमाराला उतरला. शेवटी त्यांनी स्वतःचं एक गाणं वाजवलं, संथ, हिंदीत, आणि यावेळी कुणी ओरडलं नाही. ओरडायची ताकद नव्हती म्हणून, की खरंच आवडलं म्हणून, यावर मतभेद आहेत. मग दिवे लागले, वायरी गुंडाळल्या जाऊ लागल्या, आणि हजारो लोक कुठे कुठे जाऊन बसले. हॉस्टेलांच्या पायऱ्यांवर, लॉनवर, बंद खिडक्यांच्या कट्ट्यांवर. कॅन्टीनबाहेर ऑम्लेट-पावची रांग. कुणीतरी गिटार काढली आहे आणि तीन सुरांत सगळ्या जगाची गाणी बसवतोय.

आपण चौघं एका कठड्यावर. थंडी खरी आहे. तळ्यावरचं धुकं रस्त्याच्या दिव्यांपर्यंत आलंय. जाकिटाचे आरसे अंगाला बर्फासारखे लागतात. तू निमूटपणे पिशवीतून चॉकलेटी स्वेटर काढतेस आणि जाकिटावरच चढवतेस. हसायला कुणी उरलेलं नाही. मुलुंडकरणीच्या पिशवीतून तिच्या आजीची शाल निघते. कळवेवाली ठाणेकराचा कानटोपा पळवते. ज्या दिसण्यासाठी दुपार घालवली ते सगळं लोकरीखाली गेलंय. चौघं आता सकाळच्या दुधाच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसताहेत.

आणि त्याच स्वेटरात तुला उमगतं. पहाटे गार होतं, असं आई म्हणाली. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बंद खोलीत कुठली आलीय पहाटेची थंडी? तिला माहीत होतं. तिने पत्ता विचारला नाही, पैसे दोन ठिकाणी ठेवायला सांगितलं आणि बाबांना पेपर वाचू दिला. ती एकोणीस वर्षांची असताना तिला कुणी असा स्वेटर दिला होता का, हे तू कधी विचारलेलं नाहीस.

मग बोलणं सुरू होतं. चौघांची ओळख दोन वर्षांची, पण आजवर जे काही बोललो ते गाडीच्या वेळेत मावणारं. कळव्यापासून मुलुंडपर्यंत, फार तर कॅन्टीनपासून स्टेशनपर्यंत. कुणाचं काही महत्त्वाचं निघालं की नेमकं स्टेशन यायचं. आज चार तास एकही गाडी नाही. गोष्टी स्टेशन यायच्या आधी संपवायची गरज नाही, म्हणून त्या भलत्याच ठिकाणी जातात. मुलुंडकरीण सांगते, वडिलांची कंपनी बंद होतेय, घरात अजून कुणी मोठ्याने उच्चारलेलं नाही. ठाणेकर कबूल करतो की इंडिपेन्डन्स रॉकचा टी-शर्ट चुलतभावाचा. तो स्वतः फक्त एकदा, अर्धा तास, गेटबाहेरून ऐकून आलाय. कळवेवाली म्हणते, मला रेडिओवर बोलायचंय, टाइम्स एफएमवर त्या पोरी बोलतात तसं. तू काय सांगितलंस ते इथे लिहीत नाही. तुला आठवत असेल.

आपण मघाशी समजत होतो की कॉन्सर्ट ऐकायला रात्र जागायची. खरं तर कॉन्सर्ट हे निमित्त. शेवटची गाडी गेल्यावर आणि पहिली यायच्या आधी जो वेळ उरतो तो कुणाच्याच हिशेबात नसतो, आईबापांच्या नाही, कॉलेजच्या नाही, रेल्वेच्याही नाही. तिथवर पोचायला एवढी गाणी, एवढे कपडे आणि एवढं खोटं लागलं.

पहाटे पाच

कांजूरच्या खिडकीवर नवी तारीख दाबलेली तिकिटं. ठाणेकर शेजारच्या डब्यात, आपण तिघी लेडीजमध्ये. मुलुंडला मुलुंडकरीण उतरते, जाकीट परत मागायचं विसरून.

डब्यात फुलांचा ओला वास भरलाय. दारापाशी एक मावशी बसल्यात, पायांशी गोणपाटात गुंडाळलेली शेवंती नि झेंडू. दादरच्या बाजारातून माल घेऊन डोंबिवलीला देवळाबाहेर विकायला निघाल्यात. मांडीवर दोरा, बोटं न बघता गजरा ओवताहेत. रात्र जिंकल्याची जी ऐट तुझ्या अंगात आहे, ती त्यांच्यासमोर जरा सैल पडते. ही वेळ त्यांची रोजची आहे. स्वेटर त्यांनी अंगावर, कानावर, सगळीकडे घातलाय आणि त्यात त्यांना काही कमी वाटत नाही.

त्या तुमचं फिसकटलेलं काजळ बघून विचारतात, ‘‘लग्नाला गेलता का पोरींनो?’’

‘‘नाही हो मावशी,’’ कळवेवाली म्हणते, ‘‘गाण्याला.’’

‘‘रातभर? काय होतं त्यात एवढं?’’

‘‘ते गणपतीचं वाजवलं ना, तेच बेस्ट,’’ कळवेवाली म्हणते.

‘‘अजिबात नाही,’’ तू म्हणतेस. ‘‘शेवटचं. ते हळू गाणं.’’

‘‘त्यावर झोपले होते लोक!’’

‘‘झोपले नव्हते, ऐकत होते!’’

ठाण्याला प्लॅटफॉर्मवरून ठाणेकर खिडकीत तोंड घालतो. वाद ऐकून तो गजांना धरून गाडीबरोबर चालू लागतो आणि तिसरंच एक गाणं सुचवतो. गाडी वेग घेते, त्याला हात सोडावा लागतो, त्याचं मत अर्धवट राहतं. कळवेवाली उभी राहून, दोन्ही हातांनी हवेत ड्रम वाजवून दाखवते. मावशी गजरा थांबवून बघताहेत. ‘‘हे असं, असं, आणि मग सगळे उठले. तुझ्या त्या गाण्याला उठलं का कोणी?’’

‘‘अगं, उठणं म्हणजेच सगळं का?’’

‘‘पोरी,’’ मावशी म्हणतात, ‘‘कळवा गेलं.’’

कळवेवाली दारातून मागे बघते. प्लॅटफॉर्म संपत आलाय. ‘‘जाऊ दे,’’ ती परत येऊन तुझ्यासमोर धपकन बसते, ‘‘मुंब्र्याला उतरते, समोरून येणारी धरते. तोवर मान्य कर.’’

मुंब्र्याला अजून पाच मिनिटं आहेत. कर मान्य. किंवा नको करूस, पण जे सांगायचंय ते पटकन सांग.